ड्रॉइंग आणि साइट वेगळी कशी झाली? : गोव्यातल्या आरसीसीची पार्श्वभूमी

४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणात चावडी इथे काम चालू असलेली इमारत कोसळली आणि तीसहून अधिक जणांचा जीव गेला. डिझाइन कोणाचे आणि देखरेख कोणाची, हे तेव्हा सगळे विचारू लागले. प्रश्न मात्र आरसीसीइतकाच, म्हणजे आत सळया घालून ओतलेल्या काँक्रीटइतकाच, जुना आहे.

चिऱ्याच्या घरात तो फारसा उठत नसे. भिंतीची जाडी गवंडी जागेवर ठरवी, कौलांखालचे वासे सुतार. ठरवणारा तोच बांधणारा, आणि चूक डोळ्यांना दिसे. आरसीसीत ताण घेते ती सळई, आणि काँक्रीट ओतले की ती कायमची झाकली जाते. हेनेबिक या फ्रेंच ठेकेदाराने १८९२ साली पेटंट घेतले आणि आकडेमोड आपल्या कचेरीत ठेवून बांधकाम परवाना दिलेल्या ठेकेदारांकडे सोपवले. डिझाइन करणारा आणि बांधणारा वेगळे झाले, पण एकाच साखळीत राहिले. पुढे पेटंटची जागा मानकांनी घेतली. भारतात काँक्रीटच्या बांधकामाचे आयएस ४५६ हे मानक १९५३ साली आले. आता या दोघांनी एकमेकांना ओळखण्याचीही गरज उरली नाही.

१९६१च्या मुक्तीनंतर पणजी, मडगाव, वास्कोत फ्लॅटच्या इमारती उभ्या राहू लागल्या आणि हीच विभागणी इथे रुजली. आर्किटेक्ट एक, सळई-काँक्रीटचे डिझाइन करणारा आरसीसी कन्सल्टंट दुसरा, काँक्रीट ओतायचा साचा उभारणारा सेंट्रिंगवाला तिसरा. ड्रॉइंग इंग्रजीत, सळई बांधणारा बहुधा परप्रांतातला, म्हणून अर्धी सूचना तोंडीच पोचते. प्लंबिंगचा नकाशा उशिरा आला की पाइपासाठी ओतलेला बीम फोडतात. माझ्या मते याहून घातक सवय नाही. त्यात आपली खारी हवा. किनाऱ्यावरच्या काँक्रीटला मानक किमान एम ३० ही ताकदीची ग्रेड आणि ४५ मिमी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सांगते. कन्सल्टंटने ४५ लिहिले आणि साइटवर तो थर राखणारे कव्हर ब्लॉक २५ मिमीचेच असले, तर सळई लवकर गंजते, स्लॅबचे पोपडे पडतात.

२०१६च्या रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षे संरचनेतल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर टाकली. ती तरतूद हवीच होती, पण ती लागू होते दोष दिसल्यावर. काम चालू असतानाचा समन्वय आयएस ४५६च्या २००० सालच्या आवृत्तीत आहे : गुणवत्तेची योजना आखा, त्यात प्रत्येकाचे काम, जबाबदारी आणि तपासणीची पद्धत लिहा. म्हणजे स्लॅब ओतण्याआधी सळई कोण तपासणार आणि सही कोण करणार, हे काम सुरू होण्यापूर्वीच कागदावर यायला हवे.