उष्णता किती वेगाने जाते? एका प्रश्नाची पार्श्वभूमी

भट्टीला विटांचे अस्तर द्यावे, तापणाऱ्या भांड्याला लाकडी मूठ बसवावी, बर्फ भुशात पुरून ठेवावा, ही जाण कारागिरांना विज्ञानाच्या कितीतरी आधीपासून होती. नव्हता तो तीन प्रश्नांमधला स्पष्ट भेद: पदार्थ किती गरम आहे, त्यात किती उष्णता साठली आहे आणि ती उष्णता किती वेगाने एका जागेहून दुसऱ्या जागी जाते. उष्णतेच्या स्थानांतराचा सारा इतिहास या तिसऱ्या प्रश्नाभोवती फिरतो, आणि तो उशिरा सुटला याचे मुख्य कारण म्हणजे पहिले दोन प्रश्न दीर्घकाळ एकच समजले जात होते.

वेगाच्या प्रश्नाला पहिला हात घातला तो आयझॅक न्यूटनने. १७०१ साली निनावी छापलेल्या एका छोट्या लॅटिन लेखात त्याने तापवलेला लोखंडाचा ठोकळा थंड होत असताना त्यावर ठेवलेले धातूंचे तुकडे केव्हा गोठतात याच्या वेळा नोंदवल्या आणि उष्णता जाण्याचा वेग ठोकळा व भोवतालची हवा यांच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात असतो असे गृहीत धरले. ठोकळा त्याने शांत हवेत न ठेवता एकसारख्या वाहत्या वाऱ्यात ठेवला होता, ही बाब फार मोलाची आहे. वाऱ्यात हा नियम बराचसा टिकतो. निश्चल हवेत, किंवा ठोकळा लालबुंद असताना, तो ढळतो. त्याचे कारण समजायला पुढे पावणेदोनशे वर्षे लागली.

तापमान आणि उष्णतेचे प्रमाण यांची फारकत जोसेफ ब्लॅकने १७६० च्या सुमारास ग्लासगोमध्ये केली. वितळत्या बर्फात उष्णता शिरत राहते, पण तापमापी हलत नाही. ही अप्रकट उष्णता त्याने मोजून दाखवली. त्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॉटला दिसले की वाफेच्या यंत्राचा सिलिंडर प्रत्येक फेरीत थंड होतो आणि पुन्हा तापवावा लागतो, आणि त्या भिंतीतच बरीचशी वाफ वाया जाते. १७६५ साली त्याला सुचलेला वेगळा कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करण्यासाठी सिलिंडरबाहेर ठेवलेले स्वतंत्र पात्र, हा म्हणूनच मुळात उष्णतेच्या स्थानांतरावरचा इलाज होता. औद्योगिक क्रांतीचे श्रेय वाफेला देताना ही गोष्ट बहुधा विसरली जाते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगांचा वेग वाढला. यान इंगेनहाउसने निरनिराळ्या धातूंच्या सारख्या मापाच्या कांड्यांना मेण लावले, त्यांची टोके गरम द्रवात बुडवली आणि मेण कुठवर वितळते ते पाहून धातूंचा वाहकतेनुसार क्रम लावला. पण या काळातला सर्वांत चौकस निरीक्षक म्हणजे काउंट रमफर्ड. सैन्याच्या कपड्यांचा विचार करताना त्याने तापमापीभोवती लोकर, केसाळ कातडे, पिसे असे पदार्थ गुंडाळून त्या थंड व्हायला किती वेळ लागतो हे मोजले, आणि ऊब धाग्यांमुळे नसून धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे टिकते या निष्कर्षाला तो पोहोचला. पुढे मद्यार्काची एक मोठी तापमापी खिडकीत थंड व्हायला ठेवली असता नळीतले धूलिकण मध्यभागातून वर आणि कडेने खाली जाताना त्याला दिसले. द्रव स्वतः फिरून उष्णता नेतो, हे अभिसरण त्याने असे डोळ्यांनी पाहिले. १८३४ साली विल्यम प्राउटने त्याला आज इंग्रजीत रूढ असलेले नाव दिले. रमफर्ड मात्र एक पाऊल जास्त पुढे गेला आणि द्रव व वायू यांतून वहन, म्हणजे पदार्थ जागचा न हलता उष्णता त्यातून पुढे सरकणे, मुळी होतच नाही असे म्हणू लागला. ते चूक होते. निश्चल हवेतूनही वहन होते, पण ते अतिशय मंद असते: तांब्याची वाहकता तिच्या सुमारे पंधरा हजार पट आहे.

वहन आणि अभिसरण यांच्याखेरीज उष्णता जाण्याचा तिसरा मार्ग, प्रारणाचा, म्हणजे किरणांच्या रूपाने उष्णता जाण्याचा, याच सुमारास उलगडू लागला. १८०० साली विल्यम हर्शेलला सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडे, जिथे काहीच दिसत नाही तिथे, तापमापी चढताना आढळली. १८०४ साली जॉन लेस्लीने गरम पाण्याने भरलेल्या धातूच्या घनाच्या बाजू वेगवेगळ्या रंगवून दाखवले की काजळी लावलेली बाजू चकचकीत बाजूपेक्षा कितीतरी जास्त उष्णता फेकते, तापमान सारखे असूनही.

या सगळ्याला गणिताचा कणा दिला जोसेफ फूरियेने. ग्रेनोबलला प्रशासक म्हणून काम करत असताना त्याने लोखंडी कड्याचा एक भाग तापवून ठिकठिकाणचे तापमान मोजले आणि १८०७ च्या डिसेंबरात आपला प्रबंध पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे ठेवला. त्याचे मूळ विधान साधे होते: एकक क्षेत्रफळातून वाहणारी उष्णता ही अंतराप्रमाणे तापमान किती झपाट्याने उतरते यावर आणि पदार्थाच्या एका ठरावीक गुणधर्मावर, म्हणजे वाहकतेवर, अवलंबून असते. परीक्षकांना, विशेषतः लाग्रांजला, खटकल्या त्या उत्तरासाठी वापरलेल्या त्रिकोणमितीय श्रेणी. १८१२ साली पारितोषिक मिळाले तेही काटेकोरपणाबद्दल नाराजी नोंदवूनच, आणि ग्रंथ छापून यायला १८२२ साल उजाडले. मला फूरियेचे खरे मोठेपण दुसऱ्याच ठिकाणी दिसते. उष्णता हा एक सूक्ष्म द्रव आहे की कणांची गती, यावर तेव्हा तीव्र वाद होता, आणि त्याने आपले समीकरण त्या वादाच्या निकालावर टांगून ठेवले नाही. पुढे द्रवाची कल्पना मोडीत निघाली, पण समीकरणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

कारखाने या गणिताची वाट पाहत थांबले नव्हते. १८१५ साली हम्फ्री डेव्हीने खाणीतल्या दिव्याच्या ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवली. जाळी ज्योतीची उष्णता इतक्या झटपट पसरवते की बाहेरचा ज्वलनशील वायू पेट घेण्याइतका तापत नाही. लोखंडाच्या झोतभट्ट्या हिवाळ्यात चांगल्या चालतात, म्हणून भट्टीत फुंकायचा हवेचा झोत थंडच असावा, अशी भट्टीवाल्यांची ठाम समजूत होती. जेम्स नील्सनने १८२८ साली नेमके उलट केले, हवा आधी तापवून भट्टीत सोडली, आणि कोळसा मोठ्या प्रमाणावर वाचला. १८५७ साली एडवर्ड काउपरने भट्टीतून निसटणाऱ्या वायूंनीच विटांचे जाळीदार रचलेले थर तापवून त्यांतून झोताची हवा नेण्याची युक्ती काढली, जी पोलाद कारखान्यांत आजही चालू आहे.

न्यूटनचा नियम लालबुंद ठोकळ्यासाठी का ढळतो, याचे उत्तर १८७९ साली योसेफ स्टेफानने दिले. जॉन टिंडलच्या प्लॅटिनमच्या तारेवरील प्रयोगांत तार सुमारे ५२५ अंशांवरून १२०० अंश सेल्सिअसपर्यंत नेल्यावर प्रारण ११.७ पट झाले होते. तापमान केवल शून्यापासून (उणे २७३ अंश सेल्सिअसपासून) मोजून त्याचा चौथा घात घेतला तर जवळजवळ हाच आकडा येतो, हे स्टेफानच्या ध्यानात आले. पाच वर्षांनी बोल्ट्झमनने त्याला सैद्धांतिक आधार दिला.

सर्वांत चिवट ठरले ते अभिसरण, कारण त्यात उष्णतेबरोबर प्रवाहाचेही गणित येते. १९०४ साली लुडविग प्रांड्टलने दाखवले की पृष्ठभागालगतच्या एका पातळ थरात प्रवाहाचा वेग शून्यावर येतो, आणि सारा खेळ त्या सीमास्तरात चालतो. १९१५ साली विल्हेल्म नुसेल्टने प्रवाहाचा वेग, नळीचा व्यास, वाहकता, चिकटपणा अशा अनेक राशी मोजक्या एककरहित संख्यांमध्ये बांधल्या. समीकरणातील सर्व पदांची मिती सारखी असली पाहिजे हे तत्त्व फूरियेच्या १८२२ च्या ग्रंथात आधीच आले होते. नुसेल्टने त्याचा उपयोग असा केला की प्रयोगशाळेतल्या लहान नळीवरचे मोजमाप बॉयलरच्या किंवा रसायन कारखान्याच्या मोठ्या नळ्यांना लागू करता येऊ लागले.

इमारतींनी हे ज्ञान फार सावकाश उचलले. इंधन स्वस्त होते तोवर भिंतीतून आणि खिडकीतून किती उष्णता जाते याची फिकीर फारशी कोणी करत नव्हते. १९७३ च्या तेलसंकटानंतर अनेक देशांच्या बांधकाम नियमांत त्याच्या मर्यादा कडक झाल्या. खिडकीचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. चार मिलिमीटर जाडीची एकेरी काच उष्णतेला जेवढा अडथळा करते, त्यातला खुद्द काचेचा वाटा दोन-तीन टक्क्यांचाच असतो. उरलेला अडथळा काचेच्या दोन्ही अंगांना चिकटलेल्या हवेच्या पातळ थरांचा. म्हणून काच जाड करून विशेष काही साधत नाही, दोन काचांमध्ये हवा कोंडल्याने साधते. ही फट अरुंद ठेवली तर वहन वाढते आणि फार रुंद केली तर रमफर्डला दिसले तसे प्रवाह फिरू लागतात, म्हणून ती साधारण १२ ते १६ मिलिमीटर राखतात. तरीही प्रारण उरतेच, त्यासाठी आतल्या बाजूला चांदीचा काही नॅनोमीटर जाडीचा लेप देतात, आणि हवेऐवजी तिच्या दोन-तृतीयांश वाहकतेचा आर्गॉन वायू भरतात. एकेरी काचेच्या दर चौरस मीटरमधून आतबाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे सुमारे ५.७ वॉट उष्णता जाते. साध्या दुहेरी काचेतून २.८, आणि लेप व आर्गॉन असलेल्या दुहेरी काचेतून १.१ च्या आसपास.