अग्निज खडक

शिलारस, म्हणजे भूगर्भातला वितळलेला खडक, निवून घट्ट झाल्यावर जे खडक तयार होतात त्यांना अग्निज खडक म्हणतात. या नावामुळे पृथ्वीच्या कवचाखाली सगळीकडे वितळलेला खडक भरलेला असावा असा समज होतो. प्रत्यक्षात प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, जवळजवळ सर्वत्र घनरूप असून ते काही परिस्थितींतच, आणि तेही अंशतः, वितळते. तप्त प्रावरण वर सरकताना त्यावरील दाब घटला, किंवा एक भूपट्ट दुसऱ्याखाली जाताना त्याच्यातून सुटलेल्या पाण्याने वरच्या खडकांचा द्रवणांक उतरला, म्हणजे शिलारस निर्माण होतो.

या खडकांचे वर्गीकरण वयन (कणांचा आकार व त्यांची रचना) आणि रासायनिक संघटन या दोन गोष्टींवर उभे आहे. खोलवर, हजारो-लाखो वर्षे सावकाश निवालेल्या पातालिक खडकांचे स्फटिक नुसत्या डोळ्यांनी दिसतात; पृष्ठभागावर लवकर थिजलेल्या ज्वालामुखी खडकांचे कण सूक्ष्म असतात, तर ऑब्सिडियनसारख्या खडकात स्फटिक न बनता काच होते. भेगांत घुसून थिजलेल्या भित्तींमधला डोलेराइट या दोहोंच्या मधला. मात्र कणांचा आकार केवळ निवण्याच्या वेगावर ठरत नाही: पेग्मटाइट या अतिशय भरड कणांच्या खडकातील प्रचंड स्फटिकांचे श्रेय मुख्यतः शिलारसातील पाणी व इतर बाष्पनशील (सहज वायुरूप होणाऱ्या) घटकांना जाते.

संघटनाचे मोजमाप सिलिकेच्या, म्हणजे सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या संयुगाच्या, प्रमाणावरून होते. ते ६३ टक्क्यांहून अधिक असल्यास खडक सिकत, ५२ ते ६३ असल्यास मध्यम, ४५ ते ५२ असल्यास अल्पसिकत आणि त्याहून कमी असल्यास अत्यल्पसिकत ठरतो. म्हणूनच ग्रॅनाइट व रायोलाइट, डायोराइट व अँडेसाइट, गॅब्रो व बेसाल्ट या जोड्यांचे संघटन सारखे, पण वयन वेगळे असते. एकाच शिलारसातून निरनिराळे खडक कसे निपजू शकतात हे भूवैज्ञानिक नॉर्मन बोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रयोगांनी दाखवले: ऑलिव्हिनासारखी खनिजे आधी स्फटिकरूप होऊन वेगळी झाली, की उरलेल्या द्रवात सिलिकेचे प्रमाण वाढत जाते.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टाने व्यापलेला आहे. भेगांतून पसरलेल्या त्या लाव्ह्यातील वायूंचे बुडबुडे जिथे अडकले, तिथे विहिरी खोदणाऱ्यांना परिचित असलेला सच्छिद्र मांजऱ्या खडक झाला आणि त्याच्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट गटातली खनिजे साचली. घट्ट थरांचा मात्र काळा पाषाण झाला, आणि अजिंठा-वेरूळची लेणी याच बेसाल्टात कोरलेली आहेत.