केबल बदलायची की तिचं टोक?

माझ्या टेबलावरच्या संगणकात इंटरनेटचा वेग कधीही मोजला तरी उत्तर ९४ यायचं. सकाळी ९४, मध्यरात्री ९४, फार तर कधी ९३.८. जोडणी होती सेकंदाला ३०० मेगाबिटची. त्याच खोलीत मोबाइल वायफायवर अडीचशेच्या पुढे जात होता आणि तारेनं जोडलेला, म्हणजे खरं तर जास्त भरवशाचा संगणक ९४वर अडून बसलेला. केबल दहाएक वर्षं जुनी, अंगावर ‘कॅट ५ई’ ही केबलची प्रत छापलेली. ज्याला विचारावं त्याचा सल्ला एकच : जुनी झाली, काढून टाक, कॅट ६ घाल, नाहीतर सरळ कॅट ८ घाल म्हणजे पुन्हा बघायला नको.

मला खटकत होता तो त्या आकड्याचा ठामपणा. गर्दीमुळे वेग पडतो तेव्हा तो वरखाली होतो. एकाच आकड्यावर ठाण मांडून बसलेला वेग म्हणजे कुठेतरी कुणीतरी मर्यादा घातलेली आहे.

इथरनेट म्हणजे यंत्रं तारेनं जोडायची पद्धत. तिच्यात तारेवरून माहिती पाकिटं भरून जाते. प्रत्येक पाकिटावर पत्ते असतात, तपासणीचा आकडा असतो, दोन पाकिटांमध्ये सोडलेली मोकळी जागा असते. हे सगळं धरून तारेवर १५३८ बाइटची जागा अडते, तेव्हा आपल्या कामाचे साधारण १४५० बाइट पोचतात. या हिशोबानं १०० मेगाबिटच्या जोडणीवर हातात पडतात ९४. गिगाबिटच्या, म्हणजे १००० मेगाबिटच्या जोडणीवर ९४०. माझा संगणक आणि राउटर एकमेकांशी १०० मेगाबिटनं बोलत होते, हे त्या एका आकड्यानंच सांगून टाकलं होतं. मात्र केबलवर छापलेल्या कॅट ५ईला हजारचा वेग सहज झेपतो. मग शंभरच का?

यासाठी केबलच्या आत डोकावायला हवं. आत तांब्याच्या आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या : नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक जोडी पीळ घातलेली. या पिळाची युक्ती इथरनेटहून कितीतरी जुनी आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं १८८१ साली टेलिफोनच्या तारांसाठी तिचं पेटंट घेतलं होतं. जोडीतल्या एका तारेवर संदेश सुलटा पाठवायचा, दुसरीवर उलटा. पलीकडचं यंत्र दोन्हींमधला फरक तेवढा वाचतं. शेजारून जाणाऱ्या विजेच्या वायरीचा त्रास झालाच, तर पिळामुळे तो दोन्ही तारांना सारखाच होतो, आणि वजाबाकीत सारखी गोष्ट आपोआप उडून जाते. इतकी साधी कल्पना, आणि जगभरच्या भिंतींमधून आजही तीच चालते.

बाहेरच्या गोंगाटाचा बंदोबस्त असा होतो. खरी डोकेदुखी घरातल्या घरातली असते. चारही जोड्या एकाच वेष्टणात अंगाला अंग लावून बसलेल्या, त्यामुळे एकीचं बोलणं दुसरीच्या कानावर जातं. चारही जोड्यांना सारखाच पीळ दिला तर त्यांचे वेटोळे एकमेकांशी जुळतील आणि ही कुजबुज वाढेल. म्हणून प्रत्येक जोडीचा पीळ वेगळ्या लांबीचा ठेवतात. केबलचा तुकडा सोलून बघा, एक जोडी घट्ट वळलेली आणि एक सैल दिसेल. ती कारागिराची हयगय नव्हे, मुद्दाम केलेलं असतं.

‘कॅट’च्या पुढचा आकडा हा या कुजबुजीबद्दल दिलेला शब्द आहे. कॅट ५ई १०० मेगाहर्ट्झपर्यंत ती आवाक्यात ठेवते, कॅट ६ २५० मेगाहर्ट्झपर्यंत, कॅट ६ए ५०० मेगाहर्ट्झपर्यंत. हे आकडे मेगाहर्ट्झचे, म्हणजे संदेश सेकंदाला किती दशलक्ष वेळा हिंदकळतो याचे आहेत, मेगाबिटचे नाहीत, आणि सगळा घोळ इथेच होतो. केबलला स्वतःचा वेग नसतो. ती किती स्वच्छ रस्ता देते एवढंच तिच्या हातात असतं. त्या रस्त्यावरून सेकंदाला किती बिट न्यायचे हे दोन टोकांच्या चिप ठरवतात.

याचा सगळ्यात चांगला दाखला म्हणजे खुद्द गिगाबिट इथरनेट. १९९९ साली त्याचं तांब्याच्या तारेसाठीचं मानक आलं, तेव्हा इमारतींमध्ये कॅट ५ आधीच ओढलेली होती. भिंती फोडून ती बदला असं सांगितलं असतं तर हे तंत्रज्ञान कुणी जवळही केलं नसतं. म्हणून अभियंत्यांनी तार तीच ठेवली आणि बोलण्याची रीत बदलली. आधीच्या १०० मेगाबिटच्या पद्धतीत दोनच जोड्या कामाला होत्या, एक जायला, एक यायला. उरलेल्या दोन नुसत्या बसून. गिगाबिटनं चारही जोड्या कामाला लावल्या. प्रत्येक जोडीवर एकाच वेळी दोन्ही बाजूंनी बोलायचं, आणि आधीच्या तीनऐवजी व्होल्टेजच्या पाच पायऱ्या वापरायच्या. सेकंदाला साडेबारा कोटी ठोके, प्रत्येक जोडीवर २५० मेगाबिट, चार जोड्यांचे मिळून हजार. एकाच तारेवर दोघं एकदम बोलत असताना समोरच्याचं ऐकू कसं येतं? प्रत्येक चिपला स्वतः काय बोललो ते ठाऊक असतं. ते आणि त्याचे प्रतिध्वनी ती आलेल्या गोंधळातून वजा करते, उरतं ते समोरच्याचं. हे गणित ती दर सेकंदाला कोट्यवधी वेळा करते. मला तरी हे केबलपेक्षा फार मोठं आश्चर्य वाटतं.

२०१६ साली असंच पुन्हा झालं. वायफाय गिगाबिटच्या पुढे निघालं, भिंतीतल्या केबल मात्र त्याच. तेव्हा अडीच आणि पाच गिगाबिटची मानकं आली. त्यातलं अडीचचं कॅट ५ईवर पूर्ण १०० मीटर चालावं असंच बेतलेलं आहे. म्हणजे ज्या केबलला आपण म्हातारी म्हणून निकालात काढतो, ती गिगाबिटच्या अडीचपट वेगालाही कागदोपत्री पात्र आहे.

आणि ही सगळी वचनं १०० मीटरची आहेत. घरात एवढी लांबी कुणाची असते? राउटरपासून लांबच्या खोलीपर्यंत, कोपरे-वळणं धरून, वीस मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. हा फरक दिसतो त्याहून बराच मोठा आहे. चांगल्या कॅट ५ई केबलमध्ये १०० मेगाहर्ट्झचा संदेश १०० मीटर गेल्यावर त्याच्या शक्तीचा जेमतेम दीडशेवा भाग उरतो. वीस मीटरनंतर? तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त. अंतर पाचपट कमी केलं की उरलेली शक्ती पाचपट नाही, पन्नासपटीहून जास्त वाढते, कारण दर मीटरला संदेश आहे त्यातला ठरावीक हिस्सा गमावतो. घरगुती केबल आपल्या मर्यादेच्या जवळपासही काम करत नाही, ती अशी. म्हणूनच दहा गिगाबिट, ज्यासाठी १०० मीटरला कॅट ६ए लागते, ते साध्या कॅट ६वरही ५५ मीटरपर्यंत चालू शकतं. तिथे मुख्य अडथळा असतो तो एका जुडग्यात बांधलेल्या वेगवेगळ्या केबलींची आपसातली कुजबुज, आणि घरात असं पन्नास केबलींचं जुडगं नसतं.

आता माझ्या ९४कडे. दोन यंत्रं जोडली की आधी बोलणी होतात : तुला कितीपर्यंत जमतं, मला इतकं जमतं. ही बोलणी फक्त नारिंगी आणि हिरव्या जोडीवर होतात. निळी आणि तपकिरी धड आहे की नाही हे त्यात विचारलंच जात नाही. दोघंही ‘हजार’ म्हणून मोकळे होतात, मग चारही जोड्यांवर सूर जुळवायला जातात, आणि एक तार जरी तुटलेली असली तरी सूर जुळत नाही. दोन-चार प्रयत्न फसल्यावर बऱ्याचशा चिप मुकाट्यानं शंभरवर उतरतात, कारण तेवढ्याला दोन जोड्या पुरतात. कुठे लाल दिवा नाही, तक्रार नाही. इंटरनेट ‘चालू’ असतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणी बघत नाही.

मी केबलच्या टोकाचा पारदर्शक कनेक्टर उजेडात धरला. सात तारा पार टोकापर्यंत गेलेल्या, आठवी, तपकिरी, दोन मिलिमीटर अलीकडेच थांबलेली. कनेक्टरच्या पात्यानं तिला कधी नीट चावलंच नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी : भिंतीतली वीस मीटर केबल निर्दोष, आणि मी तीच उपसायला निघालो होतो.

टोकांवर आणखी एक फसवी चूक होते. कनेक्टरमध्ये रंगांचा क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी मधेच फुटून निळीच्या दोन्ही बाजूंना बसते. नवख्याला हे वेडेपणाचं वाटतं आणि तो चारही जोड्या ओळीनं लावून टाकतो. (मधल्या दोन जागा जुन्या टेलिफोनच्या जोडीसाठी राखलेल्या, म्हणून हा तिढा आहे.) दोन्ही टोकांना सारखीच चूक केली तर प्रत्येक तार बरोबर आपल्या जागी पोचते, आणि साध्या टेस्टरवर आठही दिवे ऐटीत लागतात. पण आता संदेशाची उलट-सुलट बाजू एकाच पिळातून न जाता दोन वेगवेगळ्या पिळांतून जाते. वजाबाकी फसते, कुजबुज माजते, जोडणी रडतखडत चालते किंवा तुटत राहते. टेस्टरला तार दिसते, पीळ दिसत नाही.

टोकाशी पीळ किती उलगडायचा यालाही मर्यादा आहे, साधारण तेरा मिलिमीटर. म्हणीतल्या सुंभाचा पीळ जळल्यावरही जात नाही. केबलचा मात्र घाईच्या बोटांनी क्षणात जातो.

तेव्हा पैसे खर्च करण्याआधी संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग बघावा. तिथे १००० दिसत असेल, त्रुटी वाढत नसतील आणि आपली इंटरनेट जोडणी त्याहून कमी असेल, तर नवी केबल टाकून काहीही बदलणार नाही. व्हिडिओ जास्त सुबक दिसणार नाही; तेच बिट, तेच चित्र. ‘गेमिंग केबल’ म्हणून जे विकलं जातं त्यानं खेळही चपळ होत नाही. तांब्यातून संदेश नॅनोसेकंदाला साधारण वीस सेंटिमीटर जातो, म्हणजे वीस मीटरला शंभर नॅनोसेकंद. खेळातला उशीर मोजतात मिलिसेकंदात, आणि एका मिलिसेकंदात दहा लाख नॅनोसेकंद असतात. कॅट ८चं आकर्षण तर मला कळतच नाही. ती २००० मेगाहर्ट्झची, तीस मीटरच्या मर्यादेची, सर्व्हरच्या खोल्यांसाठी केलेली जाड आणि आडमुठी केबल आहे; घराच्या कोपऱ्यांतून वळवताना घाम फुटतो.

पण बदलायलाच हवी अशीही केबल असते. दोनच जोड्यांची जुनी केबल असेल, तर तिच्यातून गिगाबिट कधीच निघणार नाही. उन्हापावसात वेष्टण तडकलेली, दारात चेंगरलेली, उंदरानं कुरतडलेली केबलही काढावी. आणि ज्यात तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे, ती. हिच्याबाबत एक गंमत आहे. १०० मेगाहर्ट्झला विद्युतप्रवाह तारेच्या पृष्ठभागाच्या सातेक मायक्रोमीटरमध्येच एकवटतो, म्हणजे मुलाम्यातच राहतो, त्यामुळे संदेशापुरती ही केबल बरी वागल्यासारखी वाटते. बिंग फुटतं ते केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देताना. ती वीज तारेच्या संपूर्ण जाडीतून वाहते, आणि अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे साठ टक्के. तार तापते, व्होल्टेज पडतं. शिवाय ती ठिसूळ असते, दोन-चारदा वाकवली की आतल्या आत तुटते. केबल घेताना निव्वळ तांबं आहे ना एवढं बघणं हे कॅट किती यापेक्षा महत्त्वाचं आहे, असं माझं मत.

घरातल्या दोन यंत्रांमध्ये मोठमोठ्या फाइल हलवायच्या असतील तर हिशोब वेगळा. गिगाबिटवर सेकंदाला ११५ मेगाबाइटच्या आसपास मिळतात (आठ बिटांचा एक बाइट), आणि रोज व्हिडिओ संपादन करणाऱ्याला ते खरोखर तोकडे पडतात. तिथे दहा गिगाबिटचा विचार करावा. पण आधी दोन्ही बाजूंची यंत्रं आणि मधला स्विच (अनेक केबली एकत्र जोडणारी पेटी) तेवढा वेग देतात का हे पाहावं, आणि आहे ती केबल लावून बघावी. चालली तर चालली.

भिंती उघड्याच असतील, तर गोष्टच निराळी. तिथे कॅट ६ए घालावी, आणि त्याहून आग्रहानं रुंद पाइप टाकून त्यात एक ओढदोरी सोडून ठेवावी. पुढे काचेचा तंतू, म्हणजे फायबर, ओढायची वेळ आली तर तीच दोरी उपयोगी पडेल. मजुरी आणि धूळ दोन्ही केबलपेक्षा महाग असतात.

माझ्यापुरतं काम वीस मिनिटांत झालं. टोक कापलं, आठ तारा क्रमानं लावल्या, कडेला एका रेषेत छाटल्या, नवा कनेक्टर दाबला. पहिल्यांदा निळी आणि हिरवी उलटी लागली, ते टोक वाया गेलं. दुसऱ्या खेपेला राउटरवरचा दिवा वेगळ्या रंगाचा झाला आणि सेटिंगमध्ये १००० उमटलं. वेग आता कधी २९६ येतो, कधी २८७, आणि संध्याकाळी सगळे ऑनलाइन आले की २४०पर्यंत घसरतो.