यिट्रियमच्या खाली कोण? तिसऱ्या गणातील वादाची पार्श्वभूमी

वेगवेगळ्या प्रकाशकांच्या तीन आवर्तसारण्या शेजारी ठेवल्या तर फरक बहुधा तिसऱ्या गणात, म्हणजे तिसऱ्या उभ्या स्तंभात, सापडतो. वर स्कँडियम (अणुअंक २१), त्याखाली यिट्रियम (३९); इथपर्यंत कुणाचे दुमत नाही. त्याखालच्या दोन चौकटींत मात्र एका तक्त्यात लॅन्थॅनम (५७) आणि ॲक्टिनियम (८९) असतात, दुसऱ्यात ल्युटेशियम (७१) आणि लॉरेन्सियम (१०३). तिसऱ्यात एकही मूलद्रव्य नसते, नुसते '५७–७१' आणि '८९–१०३' असे आकडे असतात. अकरावीचे राष्ट्रीय पाठ्यपुस्तक पहिली मांडणी वापरते, तर रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा (आययूपॅक) अधिकृत तक्ता तिसरी.

हा छपाईचा फरक नाही. अणूतील इलेक्ट्रॉन एस, पी, डी, एफ अशा उपकवचांत भरत जातात, आणि कोणते उपकवच भरते आहे त्यावरून तक्त्याचे खंड पडतात. एफ-उपकवचात इलेक्ट्रॉन मावतात १४. मग तक्त्याखाली छापलेल्या वेगळ्या ओळीत चौकटी १५ कशा, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतोच, आणि त्याचे उत्तर याच वादात आहे.

मेंडेलीव्हच्या १८७१ च्या तक्त्यात यिट्रियमच्या खाली प्रश्नचिन्हासह डिडिमियम होते. ते मूलद्रव्य नव्हतेच. १८८५ मध्ये त्यातून प्रॅसिओडिमियम आणि निओडिमियम अशी दोन निघाली. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांची (५७ ते ७१ या एकमेकांसारख्या धातूंची) सगळी अडचण यात आली. त्यांचे अणुभार १३९ ते १७५ या पट्ट्यात दाटीवाटीने बसलेले, जवळजवळ सर्वांची नेहमीची संयुजा ३, आणि वेगळे करण्याची वाट एकच: क्षार विरघळवायचा, द्राव आटवायचा, आधी बसलेले स्फटिक बाजूला काढायचे आणि उरलेल्या द्रावावर पुन्हा तेच करायचे. १९११ मध्ये शुद्ध थुलियमसाठी असे सुमारे १५,००० स्फटिकीकरणाचे फेरे झाले. १९०७ मध्ये यिटर्बियमही दुभंगले आणि त्यातून ल्युटेशियम बाहेर आले, म्हणजे वादातला दुसरा दावेदार पहिल्याच्या (लॅन्थॅनम, १८३९) तब्बल ६८ वर्षांनी आला. जो आधी सापडला तो यिट्रियमखाली बसला. त्या निवडीमागे याहून खोल कारण शोधायला जाऊ नये.

१९१३ नंतर क्ष-किरण वर्णपटांमुळे अणुअंक मोजता येऊ लागला आणि ५७ पासून ७१ पर्यंत नेमकी किती मूलद्रव्ये असू शकतात हे ठरले. ७२ वे दुर्मिळ मृदा नसून झिर्कोनियमसारखे असेल, हे अणुरचनेच्या नव्या सिद्धांतावरून सांगितले गेले, आणि १९२३ मध्ये कोपनहेगनला झिर्कोनियमच्या खनिजातच हाफ्नियम सापडले. हा विजय इतका झळाळता होता की त्याच मांडणीतली एक चूक पुढची पंधरा-एक वर्षे कुणाच्या डोळ्यांत खुपली नाही.

ती चूक यिटर्बियमच्या (७०) इलेक्ट्रॉन संरूपणात, म्हणजे कोणत्या उपकवचात किती इलेक्ट्रॉन याच्या मांडणीत, होती. झेनॉनच्या गाभ्याबाहेर लॅन्थॅनममध्ये ५डी१ ६एस२ (५डी मध्ये एक, ६एस मध्ये दोन इलेक्ट्रॉन) असतात. मधल्या सर्वांत हा एक ५डी इलेक्ट्रॉन तसाच राहतो आणि ४एफ एकेकाने भरत जाते, असे गृहीत धरले होते. त्या हिशेबाने ७० वर ४एफ१३ ५डी१ ६एस२ आणि ७१ वर ४एफ१४ ५डी१ ६एस२. म्हणजे ४एफ भरून पूर्ण होते ७१ वर. ल्युटेशियम एफ-खंडातले शेवटचे, आणि लॅन्थॅनम डी-खंडातले पहिले. मांडणी चोख दिसते. पण १९३० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत वर्णपटांचे बारकाईने वाचन झाले तेव्हा यिटर्बियमचे खरे संरूपण ४एफ१४ ६एस२ निघाले. ४एफ ७० वरच भरते. ल्युटेशियममध्ये भर पडते ती ५डी इलेक्ट्रॉनची, अगदी स्कँडियममध्ये ३डी आणि यिट्रियममध्ये ४डी इलेक्ट्रॉनची पडते तशी. मधल्या मूलद्रव्यांतला तो 'कायम' ५डी इलेक्ट्रॉनही बहुतेकांत नाहीच. सेरियम आणि गॅडोलिनियम हे अपवाद.

ल्युटेशियमला दुर्मिळ मृदांच्या ओळीत ठेवणे चूक आहे असे सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञांनी १९४८ मध्येच लिहिले होते. रसायनाच्या पुस्तकांनी तिकडे लक्ष दिले नाही. उलट त्याआधीच, १९४४–४५ मध्ये, थोरियम, प्रोटॅक्टिनियम आणि युरेनियम अनुक्रमे हाफ्नियम, टँटलम आणि टंगस्टनच्या खालून उचलून खालच्या नव्या ॲक्टिनाइड ओळीत नेले गेले, तेव्हा वरच्या ओळीचा साचा जसाच्या तसा वापरला गेला. एका चौकटीचा प्रश्न दोन चौकटींचा झाला.

१९८८ मध्ये गणांना १ ते १८ असे क्रमांक देण्याची शिफारस झाली. त्याआधी हाच गण अमेरिकी तक्त्यात तीन-बी आणि युरोपीय तक्त्यात तीन-ए होता, त्यामुळे जुने संदर्भ वाचताना आधी पुस्तक कुठले ते पाहावे लागते. क्रमांकांचा गोंधळ मिटला. गणात कोण बसणार हे मात्र अनिर्णित राहिले.

गुणधर्म काय सांगतात? त्रिधन आयनांच्या त्रिज्या (समन्वयांक ६, म्हणजे भोवती सहा शेजारी) पाहा: स्कँडियम ७४.५ पिकोमीटर, यिट्रियम ९०, लॅन्थॅनम १०३, ल्युटेशियम ८६. लॅन्थॅनम घेतले तर त्रिज्या खाली जाताना वाढत राहते, पहिल्या-दुसऱ्या गणासारखी. ल्युटेशियम घेतले तर वाढून किंचित घटते, झिर्कोनियम ७२ पिकोमीटर आणि हाफ्नियम ७१ (चतुर्धन आयन) अशा चौथ्या गणासारखी. लॅन्थॅनमच्या बाजूचा सर्वांत सशक्त मुद्दा हाच. पण तिसरा गण डी-खंडात मोडतो, मग त्याने शेजारच्या चौथ्या गणासारखे वागावे ही अपेक्षा अधिक रास्त. वितळणांकही तिकडेच झुकतात: स्कँडियम सुमारे १५४० अंश सेल्सिअस, यिट्रियम १५२०, ल्युटेशियम १६६०, आणि लॅन्थॅनम फक्त ९२०. साध्या तापमानाला पहिल्या तिघांची स्फटिकरचना एकच, षट्कोनी निबिड. लॅन्थॅनमची दुहेरी षट्कोनी.

प्रयोगशाळेतला पुरावा तर याहून जुना आहे. दुर्मिळ मृदांच्या मिश्र द्रावात सोडियम सल्फेटचे संपृक्त द्रावण घातले की लॅन्थॅनम, सेरियम, निओडिमियम यांचे दुहेरी सल्फेट खाली बसतात, तर यिट्रियम आणि ल्युटेशियमसह जड मंडळी बहुतांशी द्रावात राहतात. केरळच्या किनाऱ्यावरचे मोनॅझाइट हे दुर्मिळ मृदांचे खनिज फोडल्यावर हलका गट वेगळा करण्याची ही परिचित पायरी. म्हणजे तक्ता लॅन्थॅनमला यिट्रियमखाली छापत असतानाही चंचुपात्रात यिट्रियम ल्युटेशियमबरोबरच राहत होते.

'लॅन्थॅनममध्ये एकही एफ इलेक्ट्रॉन नाही, मग ते एफ-खंडात कसे?' हा आक्षेप वर्गात हमखास येतो. थोरियमच्या मुक्त अणूतही एफ इलेक्ट्रॉन नाही (६डी२ ७एस२), तरी त्याला एफ-खंडातून काढा असे सहसा कुणी म्हणत नाही. खंड ठरतो तो भरण्याच्या एकूण क्रमावरून, एकट्या अणूच्या अपवादावरून नव्हे. तसे नसते तर संरूपणात असाच अपवाद असलेल्या क्रोमियम आणि तांब्याच्या जागांवरही वाद घालावा लागला असता.

खरी परीक्षा ३२ स्तंभांच्या तक्त्यात होते. एक लांब कागद घेऊन ३२ रकाने आखा आणि अणुअंकाचा क्रम न मोडता सहावे आवर्त सलग लिहा: सिझियम, बेरियम, मग ५७ ते ७० ही चौदा, मग ७१ ल्युटेशियम, ७२ हाफ्नियम. पाचव्या आवर्तात स्ट्रॉन्शियमनंतर चौदा रकाने मोकळे सोडून यिट्रियम आणि झिर्कोनियम लागून येतात. डी-खंड सलग दहा रकान्यांचा राहतो. आता यिट्रियम लॅन्थॅनमच्या वर हलवून बघा. ते स्ट्रॉन्शियमला चिकटते आणि झिर्कोनियम चौदा रकाने दूर राहते. डी-खंडाचे एक अधिक नऊ असे तुकडे पडतात. १८ स्तंभांच्या तक्त्यात खालची ओळ कापून वेगळी लावलेली असल्याने हा तुकडा दिसतच नाही, म्हणून ही चूक इतकी वर्षे खपली.

डिसेंबर २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने यासाठी गट नेमला. त्याच महिन्यात ११३, ११५, ११७ आणि ११८ या मूलद्रव्यांना मान्यता मिळून सातवे आवर्त पूर्ण झाले होते. गटाचा तात्पुरता अहवाल २०२१ मध्ये आला. अणुअंकाचा क्रम टिकावा, डी-खंड असमान तुकड्यांत फुटू नये आणि खंडांची रुंदी २, ६, १०, १४ राहावी, या तीन अटी एकत्र पाळायच्या तर ल्युटेशियम–लॉरेन्सियमच बसतात, असे त्याने म्हटले. निव्वळ प्रयोगाच्या आधारे हा निकाल लागू शकत नाही, शेवटी हा संकेत ठरवण्याचा भाग आहे, अशी कबुलीही त्यात आहे. एफ-ओळ १५ चौकटींची केली तर रुंदीची अट मोडते, आणि अधिकृत तक्ता नेमका तसाच आहे.

लॉरेन्सियमने आणखी एक गाठ मारून ठेवली. २०१५ मध्ये, २७ सेकंद अर्धायुष्याच्या समस्थानिकाचे एकेक अणू वापरून, त्याची पहिली आयनीभवन ऊर्जा (अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला लागणारी) सुमारे ४.९६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मोजली गेली. हे मूल्य शेवटचा इलेक्ट्रॉन ६डी ऐवजी ७पी मध्ये असल्याच्या अंदाजाशी जुळते. वर दिलेला थोरियमचा युक्तिवाद मान्य असेल तर याने जागा बदलत नाही.

परीक्षेपुरते सांगायचे तर, 'एफ-खंडात किती मूलद्रव्ये?' याचे उत्तर दोन्ही मांडण्यांत २८ च येते. फरक यादीत आहे: पाठ्यपुस्तकात ५८–७१ आणि ९०–१०३, अहवालाप्रमाणे ५७–७० आणि ८९–१०२. ३० लिहिणारे विद्यार्थी '५७–७१' छापलेल्या तक्त्यावरून चौकटी मोजतात. ल्युटेशियमचा खंड विचारला असेल तर ज्या पुस्तकावर परीक्षा आहे त्याचेच उत्तर द्यावे. संरूपण मात्र कुठल्याही तक्त्यात ४एफ१४ ५डी१ ६एस२ हेच.