सुंभ जळतो, पीळ का उरतो?

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातून वीतभर काथ्याचा सुंभ आणि तेवढीच नायलॉनची दोरी आणा. दोन्हींची टोकं चिमट्यात धरून मेणबत्तीवर न्या. नायलॉन वितळून ठिबकतं आणि गार होताच त्याचा कडक मणी होतो. सुंभ धुमसतो, काळा पडतो. पण त्याचे पेड कोळशातही मोजता येतात. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण रचणाऱ्याची नजर पक्की होती.

नायलॉन-६ सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळतं. वनस्पतीच्या धाग्याचा गाभा सेल्युलोजचा, म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्यांचा. या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना अशा जखडलेल्या असतात की सुट्या होऊन वाहण्याआधीच, ३०० अंशांच्या आसपास, त्या तुटू लागतात. वितळायची पाळीच येत नाही.

मग सेल्युलोजच्याच तागाचा सदरा का शिवत नाहीत? कापसाचा तंतू म्हणजे सरकीवर वाढलेली एकच पेशी, अडीच-तीन सेंटिमीटर लांब, जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. तागाचा तंतू म्हणजे दोन-तीन मिलिमीटरच्या असंख्य पेशींची जुडी, लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) आणि पेक्टिनने चिकटवलेली. अंगाला टोचणारच.

काथ्यात तर लिग्निन ४० टक्क्यांच्या घरात. शिवाय त्याच्या पेशीभिंतीत सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू धाग्याच्या लांबीशी ३० ते ४५ अंशांच्या कोनात स्प्रिंगसारखे फिरत जातात. तागात हा कोन जेमतेम ८ अंशांचा. म्हणून ताग ताणायला गेलं तर एक-दोन टक्क्यांतच तुटतो, काथ्या मात्र चांगला लांबतो आणि दाबला तर पुन्हा फुगतो. तागाची पोती, काथ्याच्या गाद्या आणि पायपुसणी, ही वाटणी अशी झाली. वळणाऱ्याने पीळ घालण्याआधी नारळाने तो घातलेलाच असतो.

खाऱ्या पाण्यात सुती धागा जंतूंच्या तावडीत लवकर सापडतो. नायलॉन येण्याआधी मच्छीमार सुती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवत. सालीतलं टॅनिन जंतूंना आवरायचं. नायलॉनने हा खटाटोप संपवला, आणि कोळ्यांना त्याचा दोष देण्यात अर्थ नाही. फक्त खाडीच्या तिवरांत अडकलेलं फाटकं जाळं आता वर्षानुवर्षं तसंच राहतं.

कुजणं दर वेळी वाईट नसतं. रस्त्याकडेच्या उघड्या उतारावर माती धरून ठेवायला काथ्याची जाळी अंथरतात. सहज न कुजणाऱ्या लिग्निनमुळे ती दोन-तीन पावसाळे आरामात काढते. तोवर गवताची मुळं माती पकडतात आणि जाळी तिथेच मातीत मिसळून जाते. नायलॉनची असती, तर ती उचलायला पुन्हा माणसं लावावी लागली असती.