एन्रॉन: सरकार बदललं, करार मात्र वाढला

१९९५च्या विधानसभा निवडणुकीत भाजपचे गोपीनाथ मुंडे सभांमधून सांगत होते की शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं तर एन्रॉनचा दाभोळचा वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडवू. लोकांनी विश्वास ठेवला आणि त्याला कारणही होतं. जून १९९२मध्ये, सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना, राज्य वीज मंडळाने अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात होणाऱ्या या प्रकल्पासाठी, निविदा न मागवताच सामंजस्य करार केला होता. पुढच्या वर्षी जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून अर्थसाहाय्य नाकारलं. तरीही डिसेंबर १९९३मध्ये, शरद पवार मुख्यमंत्री असताना, वीजखरेदी करारावर सह्या झाल्या. मंडळाने पैसे थकवले तर आपण भरू अशी राज्याने हमी दिली, आणि राज्यानेही थकवले तर आपण भरू अशी केंद्राने प्रतिहमी दिली.

खरी मेख करारातच होती. प्रकल्प वीज द्यायला तयार असला की मंडळाने ती घेतली न घेतली तरी स्थिर आकार भरायचाच, आणि त्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. इंधनाचा खर्चही मंडळाकडूनच वसूल व्हायचा. म्हणजे रुपया घसरला, इंधन महागलं किंवा विजेची मागणी कमी पडली, तर तिन्हीचा भुर्दंड मंडळाला, पर्यायाने ग्राहकाला. तेव्हाच्या विरोधकांनी हे नेमकं हेरलं होतं. त्यांची टीका रास्त होती हे मुद्दाम नोंदवायला हवं, कारण पुढे जे घडलं ते त्यांना करार कळला नव्हता म्हणून घडलं असं म्हणता येत नाही.

मार्च १९९५मध्ये मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले, मुंडे उपमुख्यमंत्री. मुंडे यांच्याच अध्यक्षतेखाली फेरविचार समिती नेमली गेली. तिच्या अहवालानंतर ३ ऑगस्टला जोशींनी विधानसभेत प्रकल्प रद्द करत असल्याची घोषणा केली. सप्टेंबरमध्ये सरकार मुंबई उच्च न्यायालयातही गेलं. करार गैरमार्गाने आणि फसवणुकीने झाला आहे, असा दावा खुद्द राज्य सरकारने केला. इथपर्यंत शब्द पाळला गेला होता.

एन्रॉनने लंडनमध्ये लवादाचा दावा ठोकला. नोव्हेंबरमध्ये कंपनीच्या रिबेका मार्क बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या. त्यानंतर काही दिवसांतच फेरवाटाघाटींसाठी समिती नेमली गेली आणि तिने दोन आठवड्यांच्या आत काम उरकलं. जानेवारी १९९६मध्ये सरकारने नवा करार मान्य केला. आधीचा प्रकल्प २,०१५ मेगावॅटचा होता, नवा २,१८४चा. दर उतरवल्याचं जाहीर झालं, पण भांडवली खर्चातली बरीच कपात वायू-पुनर्रूपांतराचं (द्रवरूप इंधनवायू पुन्हा वायुरूपात आणणारं) युनिट हिशेबातून बाहेर काढल्यामुळे दिसत होती. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे मूळ करारात दुसरा टप्पा घेणं मंडळाच्या मर्जीवर होतं. आता ते बंधनकारक झालं. फसवणुकीचा दावा सोडून देण्यात आला. दिल्लीत वाजपेयींचं पहिलं, तेरा दिवसांचं सरकार राजीनाम्याच्या आदल्या दिवशी, २७ मे १९९६ला, या करारासाठीची प्रतिहमी मंजूर करून गेलं.

हे का झालं? नुकसानभरपाईची धास्ती होती. परदेशी गुंतवणूकदार पाठ फिरवतील ही भीतीही होती. पण माझ्या मते मूळ कारण निराळं आहे. युतीचा विरोध करार करणाऱ्यांना होता. खासगी कंपनीला नफ्याची हमी द्यायची आणि जोखीम सरकारी मंडळाने घ्यायची, या धोरणाला पर्याय तिच्याकडेही नव्हता. मंडळ तेच, मंत्रालय तेच, टेबलापलीकडची कंपनीही तीच.

गुहागरकरांना तर फरक जाणवलाच नाही. जमिनी जाणार, खाडीतली मासेमारी बुडणार, म्हणून तिथली गावं आधीपासून लढत होती. ज्यांनी हा प्रकल्प बुडवायचं वचन दिलं होतं त्यांच्याच राज्यात जमावबंदीचे आदेश निघाले, राज्य राखीव पोलीस दल बसवलं गेलं, मेधा पाटकर यांच्यासारख्या बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांनाही अटक झाली. ३ जून १९९७ला पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळीवाड्यात शिरले. बहुतेक पुरुष मासेमारीला गेलेले. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या नोंदीनुसार घरांची दारं तोडून बायकांना मारहाण करत गाडीत कोंबलं गेलं. एक गरोदर तरुणी अंघोळ करत होती, तिला तिथून ओढून काढलं. हा प्रसंग कराराच्या आकड्यांइतकाच या इतिहासाचा भाग आहे, आणि तो विसरला जातो याचा मला संताप येतो.

मे १९९९मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. ऑक्टोबरमध्ये पुन्हा सत्ताबदल झाला: विलासराव देशमुखांचं काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार. म्हणजे १९९३च्या कराराच्या वेळची मंडळी परत आली. वीज अतोनात महाग पडू लागली, मंडळाचे पैसे थकले. या प्रकल्पाचा आढावा घ्यायला नेमलेल्या माधव गोडबोले समितीने २००१मध्ये एका सरकारवर ठपका न ठेवता वेगवेगळ्या काळातल्या, राज्यातल्या आणि केंद्रातल्या सरकारांचं अपयश मांडलं. त्याच वर्षी मे महिन्यात मंडळाने करार मोडला आणि प्रकल्प बंद पडला. युतीने दिलेलं वचन असं तिच्या विरोधकांच्या हातून पुरं झालं, तेही तिजोरी साथ देईना तेव्हा. डिसेंबरमध्ये एन्रॉन स्वतःच अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. २००५मध्ये बंद पडलेला प्रकल्प ताब्यात घ्यायला एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी उभी केली गेली.

सीटू ही कामगार संघटना आणि अभय मेहता यांनी १९९६मध्येच नव्या कराराला उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. याचिका फेटाळताना न्यायालयाने सरकारच्या कोलांटउडीवर कडक ताशेरे ओढले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा तिथे राज्य सरकारच्या वर्तनापुरताच प्रश्न विचारात घेतला गेला. तो दोन दशकांहून जास्त काळ पडून राहिला आणि २०१९मध्ये न्यायालयाने प्रकरण बंद केलं.