पळस लवकर फुलला तेव्हा

यंदा सोलापुरात जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठायच्या आतच विजापूर रस्त्यावरच्या एका बागेतला पळस फुलला. एरवी तो शिवरात्रीच्या सुमारास बहरतो. काळ्या मखमली कळ्यांतून केशरी चोची बाहेर आलेल्या, फांद्यांवर पान जवळजवळ नाहीच. तीन सकाळी मी मोबाइलवर फोटो काढले आणि तिन्ही दिवस पाकळ्यांच्या जागी नुसते केशरी डाग उमटले.

याचं कारण कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये आहे. त्यावरच्या दर चार बिंदूंपैकी दोन हिरवा प्रकाश मोजतात, एक लाल आणि एक निळा. पळसाची पाकळी लाल प्रकाश भरभरून परत पाठवते, निळा मात्र बहुतेक शोषून घेते. त्यामुळे लाल बिंदू काठोकाठ भरतात, पण एकूण उजेड बेताचाच दिसत असल्यानं कॅमेरा सावध होत नाही. भरलेल्या बिंदूला पुढचा फरक नोंदवता येत नाही. पाकळीवरची बारीक लव, तिच्या घड्या, सगळं तिथंच पुसलं जातं. कोवळ्या उन्हात तर हे जास्तच होतं, कारण सूर्य क्षितिजालगत असताना निळा प्रकाश वाटेतच विखुरतो आणि आपल्यापर्यंत येणारं ऊन तांबूस असतं. म्हणून चौथ्या दिवशी मी सूर्य उगवायच्या आधी गेलो, फुलावर बोट ठेवून फोकस धरला आणि उजेडाची पट्टी खाली ओढली. लव दिसली!

लवकर आलेला बहर म्हटलं की जपानचा चेरी आठवतो. क्योटोतल्या बहराच्या तारखा दरबारी आणि भिक्खूंच्या रोजनिश्यांतून थेट इ.स. 812 पर्यंत मागे जातात. यासुयुकी आओनो या संशोधकानं त्या जुळवल्या. 2021 साली तिथं 26 मार्चलाच पूर्ण बहर आला, तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा. चेरीच्या कळीला आधी हिवाळ्याची थंडी लागते, मग ऊब. वसंत लवकर तापला की ती लवकर उमलते.

पळसाला हाच हिशोब लावायचा मोह होतो, पण तो मला घाईचा वाटतो. उष्ण, कोरड्या प्रदेशातल्या पानगळीच्या झाडांचा बहर बऱ्याचदा पाण्याशी बांधलेला असतो. 1980च्या दशकात कोस्टा रिकात राइख आणि बोर्शर्ट या संशोधकांनी हे मोजून दाखवलं: पानं गळली की बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानांवाटे वाफ होऊन पाणी जाणं, थांबतं, खोडात पुन्हा पाणी भरतं आणि मग कळ्या उघडतात. शिवाय बागेतल्या झाडाला नळीचं पाणी मिळतं, माळावरच्याला नाही. त्यामुळे एका झाडाच्या एका वर्षावरून हवामानाबद्दल काही म्हणता येत नाही.

म्हणून आता मी त्याच बाकासमोरून, तीच फांदी चौकटीत धरून दर दोन दिवसांनी एक फोटो काढतो. तारीख फाइलमध्ये आपोआप नोंदली जाते. वहीत एवढंच लिहितो: पहिली कळी, पहिलं फूल, निम्मं झाड, शेवटचं फूल. पुढच्या आठवड्यापासून गावाबाहेरच्या माळावरचा एक पळसही धरणार आहे, ज्याला कुणी पाणी घालत नाही.